दयाळाच्या पेटीचं उद्घाटन

अहो पक्षीमित्र,

दचकलात ना? सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला ‘अहो’च्या पुढं कधी काही म्हटलं नाही. पण गेलं वर्षभर सगळं शिरूर तुम्हाला याच नावानं आठवतंय. मग म्हटलं, बायकोनं तरी मागं का राहावं?

पत्र कशाला लिहितेय ते आधी सांगते. येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. शाळा तुमची स्मरणिका काढतेय. तुमच्या जागेवर मुख्याध्यापक झालेले गायकवाड सर त्यासाठी चारदा घरी येऊन गेले. “वहिनी, एक पान तुमचं पाहिजेच बघा. पत्रासारखं लिहा, सरांशी बोलल्यासारखं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” पाणी! तुमच्या पायी माझ्या डोळ्यांत किती वेळा आणि कशाकशानं पाणी आलं, ते सांगायला बसले तर त्या भल्या माणसाला कागद पुरायचा नाही. त्यांना पान मिळणार नाही. हे लिहितेय ते फक्त तुम्हाला.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. स्मरणिकेचं प्रकाशन झालं की सगळी मंडळी आपल्या परसात येणार, असं परवापर्यंत ठरलं होतं. तिथल्या पाखरांच्या पेटीवर तुमच्या नावाची पाटी बसवायची आणि तिचं उद्घाटन करायचं. हो, उद्घाटन! पुन्हा! आणि पेटीत आज दयाळाची चार पिल्लं आहेत, आठ दिवसांची. पंख म्हणजे नुसत्या काड्या. अजून आठवडाभर तरी ती बाहेर पडत नाहीत, आणि रविवार तीन दिवसांवर आलाय.

दयाळ म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगावं लागणार, नाही का? काळापांढरा, शेपटी वर करून मिजाशीत बसणारा, सकाळी गळा मोकळा सोडून गाणारा. तुम्ही पुण्याच्या पाहुण्यांना ‘हा आमचा बुलबुल’ म्हणून दाखवला होतात, तो!

तुमची शोकसभा मात्र बघायला हवी होती तुम्ही. एक जण म्हणाले, सर भल्या पहाटे उठून पाखरांशी बोलायचे. पहाटे! आठाच्या आत तुम्ही डोळा उघडलेला मी झेंडावंदनाशिवाय पाहिला नाही. दुसरे म्हणाले, सरांच्या खांद्यावर पाखरं निर्धास्त येऊन बसायची. मी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. शेजारच्या हिराबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “रडा वहिनी, मोकळं व्हा.” मी हसत होते हो! देवाशपथ हसत होते.

तुम्ही पक्षीमित्र कधी झालात, हे या जगात मला एकटीला ठाऊक आहे. म्हणून सांगते. तारीख नाही आठवत, पण ताटात अळूची भाजी होती.

त्याच्या आधीचं असं. आपल्या घराचा विजेचा मीटर पहिल्यांदा मागच्या भिंतीला होता. पुढं तो व्हरांड्यात आणला आणि मागची लाकडी पेटी रिकामी राहिली. तिच्या दाराचा कोपरा कुजून भोक पडलं होतं. एका चैत्रात बघते तर राखी रंगाची दयाळी चोचीत काड्या, केस, कुंच्याचं तूस घेऊन त्यात शिरतेय. नर नुसता अँटेनावर बसून गातोय. घरटं बांधायचं सगळं तिच्या डोक्यावर, आणि कौतुक त्याच्या गळ्याचं! तेव्हाच मला ती जवळची वाटली.

मला यातलं कळायचं ते माझ्या आबांमुळं. खुटबावला आमच्या कडब्याच्या गंजीत एकदा पाखरानं घरटं केलं, तर आबांनी सगळ्या घराला बजावलं होतं, “त्या अंगाचा कडबा कुनी उपसायचा न्हाई. बाळंतीण हाय तिथं.” महिनाभर म्हशीला आम्ही उलट्या बाजूनं वळसा घालून वैरण नेली. आबांनी त्यावर कधी भाषण केलं नाही. कुणी केलं असतं तर त्यांना ते कशाबद्दल चाललंय हेच कळलं नसतं.

आणि तुम्ही? “हा उकिरडा काढ आधी इथून,” म्हणालात. कारण काय, तर स्कूटरच्या सीटवर विष्ठा पडते. “खुटबावची मेंढरं राखणारी माणसं तुम्ही, तुम्हाला घाणीचं काय!” मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते. तुमच्या आज्यानंही मेंढरंच राखली होती. तुमचे वडील जमिनीवर स्थिरावले आणि तुम्ही डी.एड. झालात, म्हणून काही आज्याच्या हातातली काठी वीणा होत नाही!

पुढच्या साली ती मीटरची पेटी पार गळाली. मागच्या खोलीत तेव्हा रामअवध भाड्यानं राहायचा, आठवतोय? सणसवाडीच्या एका कंपनीत मशिनी भरायची खोकी ठोकायचा. त्याला म्हटलं, मला एक पेटी करून दे. बिचाऱ्यानं खोक्याच्या उरल्यासुरल्या फळ्या आणल्या. “भाभी, छेद कितना रखूँ?” मी तीन बोटं जोडून दाखवली. “इतना छोटा? लोग देखेंगे कैसे?” म्हटलं, “लोकांनी बघायचंच न्हाई!” तो पोटभर हसला. रंग देऊ का म्हणाला, तर मी नको म्हटलं, वासानं पाखरू येत नाही. पेटी भिंतीला टांगली ती रामअवधनं, आणि खालून शिडी धरली ती मी. तुम्ही आत पेपर वाचत होतात.

मग तो अळूच्या भाजीचा दिवस. शिक्षण खात्याचे कुणी साहेब शाळा तपासायला आले होते आणि जेवायला आपल्याकडं होते. हात धुवायला मागं गेले, पेटी बघितली आणि म्हणाले, “वा सर! कृत्रिम घरटं! छान छंद आहे हो तुमचा.” आणि तुम्ही? डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, “लहानपणापासूनच आहे साहेब.”

मी टॉवेल घेऊन तिथंच उभी होते! तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाऊण वाजेपर्यंत तुम्हाला चिमणी आणि कावळा सोडून तिसरं पाखरू ठाऊक नव्हतं, आणि एक वाजता तुम्ही पक्षीमित्र झाला होतात. ‘आमची ही लावते ते’ एवढे चार शब्द म्हणायला किती जड जीभ लागते हो माणसाला?

बरं, तेही मी सोडलं असतं. नवरे बायकोची चटणीसुद्धा आपल्या नावावर खपवतात. पण तुम्ही तिथंच थांबला नाहीत.

बारा वर्षं झाली. एक मे, महाराष्ट्र दिन. शाळेत झेंडावंदन होतं आणि त्याला तालुक्यातले एक मोठे पुढारी अध्यक्ष म्हणून येणार होते. तुम्हाला मुख्याध्यापक व्हायचं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, झेंडावंदनानंतर गरिबाच्या घरी पायधूळ झाडा, पक्ष्यांच्या घरकुलाचं उद्घाटन आपल्या हस्ते करू. घरकुल! दोन वर्षं भिंतीला टांगलेल्या, आत वीण चाललेल्या पेटीचं उद्घाटन! राहत्या घराची कुणी पुन्हा वास्तुशांत करतं का, आणि तीही बाळंतिणीला आत ठेवून?

मी हात जोडले होते. “पिल्लं चारच दिवसांची आहेत. पंधरा दिवस थांबा. उडू द्या त्यांना, मग काय हवं ते करा.” तुम्ही म्हणालात, “अध्यक्षांची तारीख मिळालीय.” झालं. पाखरांनी अंडी घालताना अध्यक्षांची डायरी बघायला हवी होती, चूक त्यांचीच.

सकाळी दहाला पंचवीस माणसं परसात आली. सतरंजी काय, खुर्च्या काय, माईक काय! पेटीला हळदकुंकू लावलं. फळ्यांच्या फटीत उदबत्त्या खोचल्या. खालच्या धुण्याच्या दगडावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी पेटीवर शिंपडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि कणीक तिंबत होते. मग अध्यक्षांना काय उमाळा आला कुणास ठाऊक. “खरे सत्कारमूर्ती आत बसलेत,” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि पेटीला घातला. हा एवढा जाड झेंडूचा हार, मध्ये चमकीची जर. भोक पार झाकून गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यांनी चांगल्या मनानं घातला, आणि त्यांना काय माहीत! माहीत तुम्हाला होतं. मी तुम्हाला दहादा सांगितलं होतं की भोकाच्या तोंडाशी काही येऊ देऊ नका.

मंडळी पंगतीला आत गेली. परसात कुणी नव्हतं, आणि दयाळी अळी घेऊन आली. तारेवर बसली, पेटीकडं झेपावली, हारातली जर चमकली तशी बिचकून मागं फिरली. पुन्हा तारेवर. पुन्हा पेटीकडं. नर वर अँटेनावर चर्र चर्र करून नुसता थैमान घालत होता. आत चार तोंडं, उदबत्तीचा धूर, आणि ऊन तर असं की पत्र्याला हात लावला तर भाजावा.

मी बाहेरच्या खोलीच्या दाराशी आले. “अहो, जरा आत या.” तुम्ही पाहुण्यांसाठीचं हसू तसंच तोंडावर ठेवून आलात. “काय आहे?”

“हार काढा तो. तिला आत जाता येईना.”

“वेड लागलंय का तुला? अध्यक्ष अजून पानावर आहेत. त्यांनी गळ्यातला घातलाय तो.”

“मग मी काढते.”

“खबरदार! ते असेपर्यंत त्या हाराला हात लावलास तर बघ. माझी अब्रू घालवशील. जा, पुऱ्या आण गरम.”

मी गेले आणि पुऱ्या तळल्या.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून ती पेटी दहा पावलांवर होती हो. दहा पावलं! दार उघडंच होतं. मला कुणी बांधून घातलं नव्हतं. फार तर काय झालं असतं? पाहुण्यांदेखत तुम्ही ओरडला असतात, संध्याकाळी हात उचलला असतात. ते काय नवीन होतं? पण मी त्या खिडकीशी उभी राहून पुऱ्या तळत राहिले आणि त्या आईच्या फेऱ्या मोजत राहिले. तुम्हाला जी नावं ठेवतेय ना, त्यांतली अर्धी माझीच आहेत. एवढं मला कळतं.

पानसुपारी, फोटो, पुन्हा एक भाषण. चार वाजता गाड्या गेल्या. मी पळत जाऊन हार ओढला, झाकण उघडलं. तीन गेली होती, चोची तशाच उघड्या. चौथं मान टाकून धापा टाकत होतं, तेही माझ्या हातात गेलं. दयाळी आली. भोकातून आत वाकली आणि अळी चोचीत तशीच घेऊन बाहेर आली. पुन्हा आत वाकली, पुन्हा तशीच. अंधार पडेपर्यंत तिचं ते चाललं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुम्ही मात्र उरलेली जिलबी संपवलीत.

डाळिंबाच्या बुडात मी खड्डा काढला तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. बघितलंत. चारही बघितलीत. आणि म्हणालात काय, तर “कुणाला बोलू नकोस.”

सातआठ दिवसांनी पेपरात आलं, चार पिल्लांनी घेतली यशस्वी भरारी. शेजारी तुमचा फोटो, पेटीवर हात ठेवलेला. तुम्ही त्या बातमीला लॅमिनेशन केलंत! मग काय, या शाळेत व्याख्यान, त्या पतसंस्थेत सत्कार, दौंडला सुट्टीतलं शिबिर. प्रत्येक वेळी शेवट एकच. हात वर करून, आवाज कापरा करून म्हणायचात, “आणि मित्रहो, एके सकाळी ती चारही पिल्लं आकाशात झेपावली!” मला पहिल्या रांगेत बसवायचात. लोक टाळ्या वाजवायचे, आणि पहिल्या रांगेतल्या बाईनं हात मांडीवर ठेवून चालत नाही, म्हणून मीही वाजवायची. आपल्या महेशनं तर सहावीत त्यावर निबंध लिहून बक्षीस आणलं. पोरगं माझ्याच पुढ्यात बसून लिहीत होतं आणि विचारत होतं, “आई, झेपावली म्हणजे एकदम चारही, का एकामागं एक?” काय सांगू त्याला? म्हटलं, “बाबांना विचार.”

आता एक गोष्ट ऐका, जी तुम्हाला कधी कळली नाही. त्यानंतर दयाळी आली. पुढच्याच साली आली. मी पेटी कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून, न्हाणीच्या पाठीमागं लावली होती, तुमची नजर जात नाही तिथं. तुम्ही विचारलंत, “यंदा काही आलं का गं?” मी म्हटलं, “न्हाई.” त्याच्या पुढच्या साली विचारलंत, तेव्हाही “न्हाई.” मग तुम्ही विचारायचंही सोडलंत. व्याख्यानाला जुनी चार पुरत होती, नव्यांची गरज कुणाला?

दर साली महिनाभर मी परसाच्या दाराला आतून कडी घालायची. धुणं गच्चीवर. स्कूटर पुढं. तुम्ही विचारलंत तर सांगायची, विंचू निघालाय, फवारा मारलाय. मुख्याध्यापक झालात तरी विंचवाला घाबरायचात, ते बरं होतं. कधी तीन उडाली, कधी चार, एकदा साप आला तेव्हा एकच. पाठीमागच्या पंधरा पावलांवर हे सगळं व्हायचं आणि पुढच्या खोलीत पक्षीमित्र भाषणाची तयारी करायचे! मला तेव्हा त्याचा काय आनंद व्हायचा, खरं सांगू? पाखरं उडाल्याचा जेवढा, तेवढाच तुम्हाला ते दिसलं नाही याचा.

परवा गायकवाड सर आले ते मांडववाल्याला घेऊनच. टेप लावून परस मोजायला लागले. मी म्हटलं, “सर, मागं बाळंतीण आहे. कार्यक्रम शाळेत घ्या.”

“कोण बाळंतीण?”

पेटी दाखवली. सर हसले. “अहो वहिनी, पाखरंच ना ती! पाच मिनिटांचं काम. एक नारळ, एक हार. अध्यक्षांची तारीख मिळालीय हो मोठ्या मुश्किलीनं.”

तेच अध्यक्ष, बरं का! आता काठी घेऊन चालतात, पण तारीख अजून तीच भारी.

मी पायरीवर बसले आणि गायकवाड सरांना सगळं सांगितलं. हार, धूर, पुऱ्या, डाळिंब, सगळं. मांडववाला टेप हातात घेऊन ऐकत उभा. महेश दुसऱ्या पाळीला निघायचा म्हणून डबा घ्यायला आला होता, तो दारातच थांबला. मग गायकवाड सर हळूच म्हणाले, “वहिनी, हे... हे स्मरणिकेत नको आपण घ्यायला.”

बघा, तुमच्या खुर्चीवर शोभतात की नाही!

पण माणूस तुमच्यापेक्षा बरा. जाताना त्यांनी टेप गुंडाळायला लावली, चपला हातात घेऊन आवाज न करता परसातून बाहेर आले आणि म्हणाले, “शाळेतच घेऊ. अध्यक्षांना मी सांगतो काहीतरी.” काहीतरी! सांगू देत. मी आता कुणाचं खोटं पुसत बसणार नाही.

महेशनं मात्र डबा घेतला नाही. “आई, तू आज का सांगितलंस? बाबा नाहीत आता. त्यांची अब्रू...” म्हटलं, “तुझ्या बाबांच्या अब्रूवर चार गेली, आणखी चार न्हाई द्यायची मला.” तो तसाच कंपनीच्या गाडीला गेला. काल दिवसभर माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी चहा घेताना एकदम म्हणाला, “म्हणजे माझा निबंध पण...” आणि कप तसाच ठेवून उठला. तेवीस वर्षांचा झालाय, पण तोंड अगदी सहावीतलं दिसलं मला.

आता एवढं तोंड सोडलंय तर उरलेलंही लिहिते. हे मी गायकवाड सरांना सांगितलं नाही, महेशला नाही, हिराबाईंना नाही.

गेल्या वर्षी दम्यानं तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा तुमची कॉट मधल्या खोलीत होती, परसाच्या खिडकीला लागून. खिडकी मी बंद ठेवायची. नर सकाळी गायला लागला की तुम्ही विचारायचात, “कोण गं हे गातंय?” अकरा वर्षं ज्याच्या जिवावर शाली घेतल्यात त्याचा आवाज तुम्हाला ओळखू येईना! मला इतकी कीव आली, इतकी चीड आली, की म्हटलं, “असंल एखादं पाखरू.” “खिडकी उघड ना जरा.” “धूळ येती. दम लागंल.”

धूळ होती, खोटं नाही. पण खिडकी मी धुळीसाठी बंद ठेवली नव्हती. मला वाटायचं, यांनी बघितलं की झालं, फोटोवाला येईल, शाळा येईल, मांडव पडेल. अहो, उशी टेकवून बसायची ताकद तुमच्यात उरली नव्हती. कुठलं भाषण करणार होतात तुम्ही? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. का आलं होतं आणि तरीही मी ती उघडली नाही, हे मला आज वर्षभरानंही नीट सांगता येत नाही.

त्या सकाळी पिल्लं पेटीतून बाहेर पडली. तीन डाळिंबात गेली. चौथं धडपडत आलं आणि आपल्या खिडकीच्या गजावर बसलं. बाहेर मी तोंडाला पदर लावून उभी होते. मध्ये एक लाकडी झडप. आत तुमचं डोकं होतं, गजापासून हातभर. ते आईला हाका मारत होतं, मोठ्यानं, आणि आतून तुम्ही मला हाक मारलीत.

मी आत आले. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, “सुमन, ती तेव्हाची चार... उडाली होती ना गं?”

तुम्हाला ठाऊक होतं. डाळिंबाशी तुम्ही उभे होतात. तरी विचारलंत, आणि मी म्हटलं, “उडाली.”

तुम्ही मान हलवलीत. लहान पोरासारखी. आठ दिवसांनी गेलात.

तर ऐका. ती नाही उडाली. मी खोटं बोलले, ते आज परत घेते. पण तुम्ही विचारलंत त्या घटकेला एक खरं पिल्लू तुमच्या उशाशी हातभर अंतरावर बसलं होतं. एक झडप लोटली असती तर तुम्ही जन्मात पहिल्यांदा खरं काही बघितलं असतं. ती झडप मी लोटली नाही. तुमचा मला अजून राग येतो, उद्याही येईल, पण एवढं एक माझ्या पदरी राहिलं.

म्हणून वचन देते. रविवारी शाळेत तुमचा कौतुकसोहळा होईल, मी पहिल्या रांगेत बसेन, पण टाळी वाजवणार नाही. परसाच्या दाराला कडी राहील. आणि पिल्लं उडायची वेळ झाली की महेशला मी कंपनीत दांडी मारायला लावणार आहे. येईल तो. रुसलाय, पण येईल. ती खिडकी सताड उघडून त्याला तुमच्याच कॉटवर बसवणार आहे, कितीही वेळ लागो. या घरातल्या एका तरी पुरुषानं ते आपल्या डोळ्यांनी बघितलेलं असू दे.

तुमची,
सुमन